किती वेळा मोजायचं?

२०२० च्या उन्हाळ्याआधी ऑक्सिमीटर आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला होता. वर्षभरात तो घरोघरी थर्मामीटरच्या शेजारी जाऊन बसला. बोटाला चिमटा लावायचा, काही सेकंद थांबायचं आणि आकडा वाचायचा: ९८, ९७, ९६. या आकड्याने अनेकांना वेळेवर रुग्णालयात पोचवलं. कोविडची एक फसवी तऱ्हा होती. रक्तातला ऑक्सिजन कमी होत असतानाही काही रुग्णांना दम लागल्याचं जाणवतच नसे. डॉक्टर त्याला हॅपी हायपोक्सिया म्हणत. माणूस बोलत असे, चहा पीत असे आणि आतून त्याची तब्येत ढासळत असे. म्हणून मोजणं गरजेचं होतं. पण त्या दोन वर्षांत मी पुण्यात फोनवरून लोकांशी बोलण्याचं स्वयंसेवी काम करत होते, आणि मला रोज दिसत होतं की माणसं त्या छोट्या यंत्राकडे ऑक्सिजनच्या आकड्याहून मोठं काहीतरी मागताहेत. आपल्याला काही होणार नाही, याची खात्री त्यांना हवी होती. ती द्यायची ताकद कुठल्याच यंत्रात नव्हती.

महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच सापडले. दुबईहून परतलेलं ते एक दांपत्य होतं. दोनच दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं, २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर विलगीकरणाचे शिक्के उमटू लागले. आमचा गट याच दिवसांत जमला. निवृत्त शिक्षिका, दोन-तीन परिचारिका, बँकेतून निवृत्त झालेले काहीजण. मानसोपचाराचं शिक्षण आमच्यापैकी कुणाचंच नव्हतं. एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी आम्हाला ऐकायचं कसं हे शिकवलं आणि आमच्या आवाक्याबाहेरचं काय, ते ओळखायचं कसं हेही शिकवलं. बाकीचं फोनने शिकवलं.

सुरुवातीचे प्रश्न वस्तूंचे होते. दुधाची पिशवी साबणाने धुवायची की नुसत्या पाण्याने? भाजी किती तास बाहेर ठेवायची? वर्तमानपत्राला इस्त्री केली तर चालेल का? उत्तर दिलं की माणूस थोडा शांत व्हायचा आणि तासाभराने नवा प्रश्न घेऊन पुन्हा फोन करायचा. पिशवी धुतली, पण धुताना पाणी चेहऱ्यावर उडालं असेल तर? मग नळ धुतला. नळाला लावलेल्या हाताचं काय? तेव्हा आमच्या लक्षात येऊ लागलं की चिंता अशी माहितीने भागत नाही. एका प्रश्नाला उत्तर मिळालं की ती पुढच्या प्रश्नाशी जाऊन उभी राहते, कारण तिला शंभर टक्के हमी हवी असते. आणि महासाथ ही तर हमी नसण्याचीच अवस्था. विषाणू नवा, औषध नाही, लस नाही आणि तज्ज्ञांचा सल्लाही दर महिन्याला सुधारला जाणारा. ज्या मनाला एरवी थोड्या अनिश्चिततेनेही धाप लागते, त्याच्यासाठी हा काळ फार कठीण होता.

ही धाप नुसती बोलण्यापुरतीही नव्हती. घाबरलेल्या माणसाचा श्वास उथळ आणि जलद होतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो, आणि मग बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, डोकं हलकं होतं, छाती आवळल्यासारखी वाटते. नेमकं याच वेळी मन म्हणतं, बघ, श्वास लागतोय, म्हणजे झालाच आहे कोविड. भीतीने श्वास बिघडतो आणि बिघडलेल्या श्वासाने भीती वाढते. सिंहगड रस्त्यावर राहणारे एक गृहस्थ होम आयसोलेशनमध्ये होते, ताप उतरला होता. रात्री साडेबाराला त्यांचा फोन आला. "ताई, मघाशी ९८ होतं, आता ९७ दाखवतंय. उतरतंय का?" तोवर त्या रात्रीत त्यांनी अगणित वेळा बोट तपासलं होतं. घरगुती ऑक्सिमीटरमध्ये दोन टक्क्यांपर्यंतचा फरक हा यंत्राचा असू शकतो, शरीराचा नव्हे. बोटं गार असतील, नखाला रंग असेल, हात हलला असेल, तरी आकडा बदलतो. हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं आणि तरी फोन ठेवल्यावर पाचव्या मिनिटाला त्यांनी पुन्हा चिमटा लावला, असं त्यांनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं.

अशा माणसाला "मोजू नका" म्हणणं धोक्याचं होतं. "काळजी करू नका" म्हणणंही निरुपयोगी होतं, कारण काळजी करण्याजोगं समोर खरोखरच काहीतरी होतं. वाट सापडली ती त्यांच्या डॉक्टरांच्या एका साध्या सूचनेतून. दिवसातून चार वेळा मोजायचं, वेळा ठरलेल्या. त्यांतल्या दोनदा, घरातल्या घरात सहा मिनिटं चालून झाल्यावर पुन्हा मोजायचं. आकडा वहीत लिहायचा आणि यंत्र कपाटात ठेवून द्यायचं. ९४ च्या खाली गेलं, किंवा चालल्यावर तीनपेक्षा जास्त घसरलं, तर लगेच फोन. मधल्या वेळात हात यंत्राकडे गेलाच, तर पालथं झोपायचं. पालथं झोपण्याने फुफ्फुसांना मदत होत होतीच, शिवाय अस्वस्थ माणसाला करण्यासारखं काहीतरी हाती लागत होतं. श्वास सोडण्याला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्यायचा, चार अंक मोजत आत घ्यायचा आणि सहा अंक मोजत सोडायचा, हेही मी त्यांना फोनवर शिकवलं. काही रात्री आम्ही दोघांनी मिळून ते केलं.

त्यानंतर मी हा सल्ला कितीतरी जणांना दिला आणि त्यातलं मर्म मला हळूहळू कळत गेलं. खबरदारीला सुरुवात असते आणि शेवटही असतो. मास्क लावला, हात धुतले, आकडा लिहिला, की काम संपतं. चिंतेला शेवट नसतो. म्हणून तिच्या मागण्यांना खबरदारीच्या मापात बसवावं लागतं. काय करायचं, किती वेळा करायचं आणि कुठे थांबायचं, हे घाबरलेल्या क्षणी ठरवता येत नाही. ते आधीच, जमलं तर दुसऱ्या माणसाच्या मदतीने ठरवून ठेवावं लागतं. मधली अस्वस्थता मात्र सहन करावीच लागते. यंत्र कपाटात ठेवल्यावर पहिली दहा मिनिटं फार जड जातात. पण न मोजताही ती वेळ निघून जाते, हा अनुभव मनाला एकदा आला, की पुढची वेळ जरा सोपी होते. मानसशास्त्रज्ञ सांगतात तेही हेच: पुन्हापुन्हा खात्री करून घेतल्याने क्षणभर बरं वाटतं, पण तेवढ्याने चिंता पोसली जाते.

बातम्यांनाही हीच मर्यादा घालावी लागली. १५ फेब्रुवारी २०२० ला, भारतात टाळेबंदीची कुणाला कल्पनाही नसताना, जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस यांनी म्यूनिकमधल्या परिषदेत साथीबरोबर आलेल्या खऱ्याखोट्या माहितीच्या साथीचा इशारा दिला होता. आपण ती व्हॉट्सॲपवर भोगली. गरम पाणी, काढे, वाफारे, कुणाच्या तरी नावावर खपवलेली भाषणं, आणि रोज संध्याकाळी येणारे जिल्हावार आकडे. त्या आकड्यांवरून आपल्या गल्लीचं, आपल्या आईचं भविष्य काढायचा प्रयत्न अनेकजण करत. मी स्वतः बातम्यांची वेळ सकाळी अर्धा तास एवढीच ठेवली होती आणि रात्री जेवणानंतर फोनवरचे गट उघडत नव्हते. ज्यांना हे सुचवलं, त्यांतल्या बहुतेकांना सगळ्यात आधी फरक जाणवला तो झोपेत.

पण एप्रिल २०२१ मध्ये हा सल्ला जसाच्या तसा देणं शक्य राहिलं नाही. दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात एका दिवसात साठ हजारांहून जास्त नवे रुग्ण नोंदले जात होते. ऑक्सिजनचा बेड, रेमडेसिव्हिर, प्लाझ्मा हे सगळं फोनवरच शोधलं जात होतं. ज्याच्या घरात रुग्ण आहे त्याने फोन बाजूला ठेवायचा कसा? २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून रुग्ण दगावले, तेव्हा व्हेंटिलेटरवर माणूस असलेल्या प्रत्येक घरात काय झालं असेल, याची कल्पना करता येते. त्या आठवड्यात आम्ही सांगू लागलो की घरातल्या माणसांनी पाळ्या लावा. सकाळी मुलाने फोन सांभाळायचा, दुपारी जावयाने, रात्री शेजाऱ्याने. पाळी नसलेल्याने जेवायचं आणि झोपायचं. शोधाशोध थांबणार नव्हती, पण एकाच माणसाने अठरा तास ती करण्याची गरज नव्हती. ज्या घरांनी हे केलं त्यांचं दुःख कमी झालं नाही. ती माणसं कोलमडायची मात्र थांबली.

या कामात मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते चिंता या नावाखाली येणाऱ्या, पण मुळात निराळ्या असलेल्या गोष्टींनी. टाळेबंदीच्या पहिल्याच महिन्यात एका बांधकाम मजुराच्या पत्नीचा फोन आला. झोप येत नाही, छातीत धडधडतं, असं ती सांगत होती. मी श्वासाचं सांगायला सुरुवात करणार, तेवढ्यात तिने सांगितलं की ठेकेदार निघून गेलाय, डब्यात दोन दिवसांचं पीठ आहे. तिचं मन आजारी नव्हतं. तिला तिची परिस्थिती अगदी बरोबर कळली होती. तिला श्वासाचा व्यायाम नको होता, शिधा हवा होता. आम्ही आमच्यातल्या एकाला तिकडे पाठवलं. त्याच महिन्यांत माणसं नाशिक महामार्गाने उत्तरेकडे चालत निघाली होती. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. अशा काळात मनःस्वास्थ्याचा विचार पगार, रेशन, भाडं आणि घरी जायची गाडी यांच्यापासून वेगळा काढून करता येत नाही. मन सांभाळा, असं सांगण्याआधी आपण हे पाहायला हवं, की समोरच्याला जी खात्री हवी आहे ती देता येण्यासारखी आहे का. मरण येणार नाही याची हमी कुणीच देऊ शकत नाही. उद्या चूल पेटेल याची हमी समाज देऊ शकतो, आणि जी हमी देता येते ती न देता धीर धरायला सांगणं हा अन्याय आहे.

तेच जागेचं. "दिवसातला थोडा वेळ स्वतःसाठी ठेवा, शांत कोपऱ्यात बसा," असं सगळीकडे सांगितलं जात होतं. मुंबईतल्या बीडीडी चाळीत तेव्हा १६० चौरस फुटांच्या खोलीत एक अख्खं कुटुंब राहत होतं. तिथे कोपरा कुणाच्या वाट्याला येणार? त्यात मुलांची शाळा एका मोबाइलवर, नवऱ्याचं काम बंद आणि स्वयंपाक दिवसातून चार वेळा. अशा घरांतल्या बायका मला गच्चीवरून फोन करत, कपडे वाळत घालायच्या निमित्ताने. त्या दहा मिनिटांत काहींना बोलायचंही नसे. कुणीतरी ऐकतंय एवढं त्यांना पुरत असे. कुटुंबातल्या इतरांशी बोलायची वेळ आली तेव्हा मी एकच मागणी करत असे. रोज एक तास या बाईला कुणी काही मागू नका. काही घरांनी ते मनापासून पाळलं.

मृत्यू झालेल्या घरांतून येणारे फोन वेगळे होते. अंत्यदर्शन नाही, खांदा देता आला नाही, दहाव्याचे विधी मोबाइलच्या पडद्यावर. सांत्वनाला येणाऱ्या माणसांनी घर भरून जाण्याची आपली रीत, तीही बंद. या लोकांचं मन पुढे जाण्याऐवजी मागे मोजत बसायचं. बुधवारी टेस्ट केली, मंगळवारी केली असती तर? दुसऱ्या रुग्णालयात नेलं असतं तर? त्या समारंभाला गेलो नसतो तर? आजारपणात ऑक्सिमीटरने जे केलं, तेच मृत्यूनंतर तारखा करत होत्या. गेलेल्या माणसाचा मुलगा पुन्हापुन्हा त्याच चार दिवसांतून फिरायचा आणि आपण नेमके कुठे कमी पडलो, याचा पक्का निकाल मागायचा. तो निकाल लागत नसतो. त्या दिवशी जेवढं माहीत होतं तेवढ्यावर त्याने निर्णय घेतला होता, आणि आज जे माहीत आहे ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. हे एकदा सांगून पुरत नसे. अनेक आठवडे, दर वेळी तितक्याच शांतपणे ते सांगावं लागे. आम्ही काही कुटुंबांना सुचवलं की सगळ्यांनी ठरवून एका संध्याकाळी फोनवर एकत्र यावं आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलावं, त्याच्या आजाराबद्दल नाही. बाबांची नोकरी, त्यांचा राग, त्यांनी लावलेलं आंब्याचं झाड. शोकाला अशी वाट मिळाली की तारखांचा हिशेब थोडा सैल पडत असे.

साथीतली भीती काही अंशी माणसांनीच माणसांना दिलेली असते, हे पुण्याला जुन्या काळापासून माहीत आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये ब्रिटिश अधिकारी रँड याच्या हाताखालच्या सैनिकांनी घरांच्या झडत्या घेतल्या. रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक छावण्यांत हलवले जाऊ लागले, आणि लोक आजार लपवू लागले. प्लेगइतकाच धसका झडतीचा होता. त्याच वर्षी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच आजाराने गेल्या. डॉक्टर असलेले त्यांचे पुत्र यशवंतराव यांच्या दवाखान्यात त्या रुग्णांना पोचवत होत्या. एकाच शहरात, एकाच साथीत, भीती वाढवणारं वागणं आणि भीती कमी करणारं वागणं शेजारी शेजारी होतं. २०२० मध्येही हेच दिसलं. काही सोसायट्यांनी रुग्णाच्या दारावर लावलेली कोविडची पाटी जणू आरोपपत्र मानली. परिचारिकांना घर सोडायला सांगितलं गेलं. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की सक्षम अधिकाऱ्याचा तसा आदेश असल्याशिवाय घरांवर अशा पाट्या लावू नयेत. दुसरीकडे, दाराबाहेर डबा ठेवून बेल वाजवणारे आणि दहा पावलं मागे जाऊन "काका, कसं वाटतंय?" असं मोठ्याने विचारणारे शेजारीही होते. लक्षणं लपवून एकटेच कुढणारे माझ्याकडे बहुतेक पहिल्या प्रकारच्या इमारतींतून येत. एखाद्या माणसाचं मन किती स्थिर राहील, हे त्याच्या मजल्यावरच्या बाकीच्या तीन घरांवरही अवलंबून असतं.

ओसरलेल्या साथीने मागे काय ठेवलं याचे अंदाज पुढे आले. लॅन्सेटमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२० या एका वर्षात जगभर चिंताविकाराच्या रुग्णांत सुमारे ७ कोटी ६० लाखांची भर पडली, आणि तिच्यात मोठा वाटा स्त्रिया व तरुण यांचा होता. जागतिक आरोग्य संघटनेने पुढच्या वर्षी सांगितलं की साथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्य यांचं जगातलं प्रमाण पंचवीस टक्क्यांनी वाढलं. या आकड्यांतली पुष्कळ माणसं आज आपल्या आसपास आहेत. कुणी अजून गर्दीत गेलं की बेचैन होतं. कुणाला साधा खोकला झाला की रात्र जागून काढावी लागते. आमच्यासारख्या स्वयंसेवकांच्या ऐकण्याची एक हद्द आहे आणि ती ओळखणं हाही काळजी घेण्याचाच भाग आहे. झोप दोन-दोन आठवडे बिघडलेली असेल, कामात किंवा घरात नेहमीची गोष्ट करणं अशक्य झालं असेल, अचानक छाती आवळून येण्याचे झटके परत परत येत असतील, तर डॉक्टरांकडे जावं. जगू नये असं वाटत असेल, तर त्याच दिवशी जावं, एकट्याने राहू नये. चिंताविकारावर औषधं आहेत, विचारांवर काम करणाऱ्या उपचारपद्धती आहेत आणि त्यांनी माणसं बरी होतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असे उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येतं. हा क्रमांक प्रत्येक घरात गॅस आणि अग्निशमनाच्या क्रमांकांशेजारी लिहिलेला असावा, असं मला मनापासून वाटतं.

पुन्हा कधी साथ येईल, हे कुणी सांगू शकत नाही. पण तयारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खाटा, सिलिंडर आणि लसी येतात. त्या हव्यातच. त्यांच्याबरोबर आणखी एक तयारी हवी, आणि तिला फारसा खर्च नाही. आपल्या इमारतीत, वाडीत, वस्तीत एकटं कोण राहतं? कुणाची मुलं परदेशात आहेत? कुणाची कमाई रोजच्या कामावर आहे? कुणाला आधीपासून मनाच्या आजारावर औषधं चालू आहेत आणि ती आणून कोण देईल? वाईट दिवसांत कुणी कुणाला फोन करायचा, किती वाजता करायचा, हे ठरलेलं असेल, तर घाबरलेल्या माणसाला खात्री शोधत रात्रभर भटकावं लागणार नाही. उद्या काय होईल ते त्याला कळणार नाहीच, पण उद्या सकाळी आठ वाजता कुणाचा फोन येणार, हे त्याला पक्कं माहीत असेल. एवढी खात्री आपण एकमेकांना देऊ शकतो. ती यादी सगळं ठीक असतानाच करायला हवी.